कन्स्ट्रक्टर आणि प्रोटोटाइप (जावास्क्रिप्ट)

जावास्क्रिप्टमध्ये एकाच ठेवणीचे अनेक ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावर चालणारी कामे यांची गाठोडी) घडवणाऱ्या फंक्शनला कन्स्ट्रक्टर म्हणतात. त्या सगळ्या ऑब्जेक्टना सामायिक असलेल्या मेथड, म्हणजे ऑब्जेक्टची फंक्शने, जिथे ठेवतात, तो त्या फंक्शनचा प्रोटोटाइप. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केपमध्ये ही भाषा घडवताना प्रोटोटाइपची कल्पना ‘सेल्फ’ या भाषेतून घेतली.

समजा, कोकणातल्या हर्णै बंदरात संध्याकाळी लिलावासाठी किनाऱ्याला लागणाऱ्या मासळीच्या होड्यांची नोंद ठेवायची आहे. ‘होडी’ नावाच्या फंक्शनात धिस.नाव आणि धिस.टोपल्या (धिस म्हणजे this) भरायच्या आणि ते चालवताना आधी ‘न्यू’ (new) लिहायचे. न्यूमुळे एक कोरा ऑब्जेक्ट तयार होतो, तो होडी.प्रोटोटाइपला जोडला जातो, मग फंक्शन चालते. आतला धिस म्हणजे तोच कोरा ऑब्जेक्ट. न्यू विसरले तर स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे भाषेच्या कडक नियमांत, टाइपएरर ही चूक दाखवली जाते. एरवी होडीचे नाव थेट ग्लोबल ऑब्जेक्टवर, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमच्या सामायिक ऑब्जेक्टवर, जाऊन बसते, तेही मुकाट्याने. हा दुसरा प्रकार जास्त छळतो.

आता होडीतल्या मासळीचा लिलाव. ‘लिलाव’ ही मेथड कन्स्ट्रक्टरच्या आत लिहिली तर शंभर होड्यांमागे शंभर फंक्शने तयार होतात, होडी.प्रोटोटाइप.लिलाव अशी लिहिली तर एकच. हर्णैच्या वाळूत तरी प्रत्येक होडी आपला पुकारणारा कुठे घेऊन येते? तो एकच, समोर ज्याची मासळी, त्याची बोली. धिसचेही तसेच, टिंबाच्या डावीकडे जी होडी, तो धिस. मेथड टिंबापासून सोडवून नुसती चालवली की पुकारणारा उभा, पण मासळी कोणाची ते त्याला ठाऊक नाही. अॅरो फंक्शनला (=> या खुणेने लिहिलेल्या आखूड फंक्शनला) स्वतःचा धिस नसतो, म्हणून इथे ते वापरू नये.

होडीत मेथड सापडली नाही तर शोध प्रोटोटाइपवर जातो, तिथून सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या ऑब्जेक्ट.प्रोटोटाइपवर आणि नल (‘काहीच नाही’) आले की थांबतो. त्यामुळे प्रोटोटाइपवर मागाहून घातलेली मेथड आधीच्या होड्यांनाही मिळते. मासळीची यादी मात्र तिथे ठेवू नये: एका होडीने तिच्यात सुरमई घातली की ती सगळ्यांच्या नावावर दिसते.

२०१५ मध्ये ‘क्लास’ हा शब्द भाषेत आला. लिहिणे सुटसुटीत झाले, आत प्रोटोटाइपच राहिला.

व्हेरिएबल व फंक्शनची नावे देवनागरीत दिलेली जावास्क्रिप्टला चालतात, भाषेचे राखीव शब्द आणि प्रोटोटाइपसारखी तिची स्वतःची नावे तेवढी रोमन लिपीतच लागतात. पण कन्स्ट्रक्टरच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल ठेवण्याचा संकेत देवनागरीत पाळणार कसा? वरची ‘होडी’ कन्स्ट्रक्टर आहे की एखादीच होडी, हे नावाआधी न्यू आहे का ते पाहूनच ओळखावे लागते.