जामखेड प्रकल्प

डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) आणि डॉ. मेबल आरोळे (१९३५–१९९९) या दाम्पत्याने १९७० साली सुरू केलेला ग्रामीण आरोग्याचा प्रयोग. इंग्रजी नाव कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट. जामखेड हा अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला, बीड व धाराशिवच्या हद्दीला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसे येथे पूर्वापार आहेत.

दोघांचेही वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. रजनीकांत मूळचे याच जिल्ह्यातले, मेबल जबलपूरच्या. १९६० साली लग्न झाल्यावर नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काढली. तेथे एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत गेली : जुलाबाने सुकलेले मूल बरे करून घरी पाठवावे, तर काही आठवड्यांनी तेच मूल त्याच दुखण्याने पुन्हा दारात. खाटा वाढवून हे थांबणार नव्हते. पुढे अमेरिकेत उच्च प्रशिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले, आणि जामखेडला त्यांनी बिऱ्हाड केले.

गावांना काय हवे ते विचारल्यावर दवाखाना हे उत्तर आलेच नाही. लोकांना हवे होते पाणी आणि अन्न. त्यातच १९७२ चा दुष्काळ पडला. आरोळ्यांच्या कामातला सर्वांत धारदार भाग मला येथे दिसतो. गावच्या विहिरीवर दलित बाईला पोहरा टाकता येत नसे. कडेला घागर ठेवून कुणी वरून पाणी ओतील म्हणून ती ताटकळत उभी राही. दुष्काळात बोअर घेऊन हापसे बसवायची वेळ आली, तेव्हा आरोळ्यांनी पाण्याच्या जागा मुद्दाम दलित वस्तीत शोधायला लावल्या आणि हापसे तेथे बसवले. तहानलेल्या गावाला मग घागर घेऊन वस्तीत यावे लागले. भाषण नाही, मोर्चा नाही. तरुणांसाठी व्हॉलीबॉलचे सामने भरवण्यामागेही हाच हेतू होता : चेंडू कुणी कुणाकडे टोलवायचा याला जात आडवी येत नाही. खेळून झाल्यावर गप्पा, आणि गप्पांतून गावोगावची तरुण शेतकरी मंडळे उभी राहिली. महिला मंडळे थोडी मागून आली.

आरोग्यासाठी सुरुवातीला परिचारिका नेमून पाहिल्या, पण खेड्यात मुक्कामाला राहण्यास त्या तयार नसत. तेव्हा गावातलीच एखादी बाई शिकवून तयार करावी ही कल्पना गावकऱ्यांकडूनच पुढे आली. अशा रीतीने ग्रामआरोग्य सेविका हे पद जन्माला आले. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, त्यांत अनेक दलित, काही परित्यक्ता, काही विधवा. आठवड्यातून एकदा जामखेडला येऊन त्या शिकत, मुक्काम करत. सुरुवातीला एकमेकींच्या हातचे खायला त्या कचरत होत्या. एका चुलीवर स्वयंपाक आणि एका पंगतीत जेवण, हाही अभ्यासक्रमच होता. नाळ विळ्याने कापू नये, निर्जंतुक केलेल्या पात्याने कापावी. जुलाब झालेल्या पोराचे पाणी तोडू नये, उलट मीठ-साखर घातलेले पाणी चमच्याचमच्याने पाजावे. गर्भारणीने ‘मूल मोठे होईल’ म्हणून पोट मारू नये. शिकवण एवढी साधी होती. ती डॉक्टरऐवजी शेजारच्या बाईच्या तोंडून आली म्हणून घरात शिरली. कुष्ठरोग्यांनाही वेगळ्या वसाहतीत न पाठवता घरीच ठेवून औषध देण्याचे काम याच बायकांनी अंगावर घेतले.

प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातील आल्मा-आटा येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा काढला, त्याआधी तीन वर्षे जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका संकलनात जामखेडची हकिगत आली होती. आरोळे दाम्पत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० साली पद्मभूषण मिळाले. पण या कामाची खरी ओळख पुरस्कारांपेक्षा मुक्ताबाई पोळ यांनी १९८८ साली वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या आरोग्यतज्ज्ञांना करून दिली. या ग्रामआरोग्य सेविकेने सभागृहाच्या छतावरच्या झुंबरांकडे बोट दाखवले : दिसायला सुंदर, पण महाग आणि हाताला न लागणारी. मग तिने जवळचा साधा दिवा पेटवला आणि त्यावरून दुसरा पेटवला. डॉक्टर आणि सेविका यांतला फरक तिने असा मांडला.

प्रकल्प आजही चालू आहे. आरोळ्यांची कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी तो पुढे नेला. बाहेरच्या देशांतले लोक येथे शिकायला येतात, तेव्हा त्यांच्या शिक्षकांत याच सेविका असतात.

नक्कल मात्र अवघड गेली. दोन माणसांनी आयुष्यभर एकाच तालुक्यात राहावे ही बाब योजनेच्या कागदावर उतरत नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ कार्यकर्ती ही गावातलीच बाई असावी हे तत्त्व जामखेडशी जुळते. पण आशेला मोबदला सुरुवातीला कामागणिकच मिळे, त्यामुळे गावात बसून बोलण्यापेक्षा नोंदी भरण्यात तिचा दिवस जाई. शिवाय निवडीसाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट सुरुवातीपासून होती. जामखेडच्या पहिल्या फळीतील बहुतेकींना त्या अटीवर अर्जही करता आला नसता.