‘असूनही’ची गोष्ट : संगीत नाटक आणि तिकीटबारी

मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘व्यावसायिक असूनही चांगलं आहे हो नाटक.’ सगळी गंमत त्या ‘असूनही’त आहे. तिकीटबारीवर चालतं म्हणजे कुठेतरी तडजोड असणारच, हे त्यात आधीच गृहीत धरलेलं असतं. संगीत नाटकाबद्दल तर याची उलटी समजूतही तितकीच पक्की आहे : पूर्वी सगळं निखळ कलेसाठी चालायचं, धंदा शिरला तो नंतर.

खरं तर धंदा अगदी सुरुवातीलाच शिरला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. चिंतामणराव १८५१ मध्ये वारले, दरबारचा आधार गेला आणि भाव्यांची मंडळी गावोगाव फिरू लागली. १८५३ मध्ये ती मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ करत होती. म्हणजे राजाश्रय उणीपुरी आठ वर्षं पुरला. पुढचा सगळा संसार तिकिटावर. अर्थात पैसे घेऊन तोंडाला रंग फासणाऱ्याला पांढरपेशा घरात मान नव्हता. ‘नाटक्या’ ही शिवी होती, आणि आजच्या ‘असूनही’चं मूळ मला तरी त्या शिवीत दिसतं.

अण्णासाहेब किर्लोस्करांना संगीत नाटक सुचलं तेही पुण्यात पाहिलेल्या पारशी कंपनीच्या खेळावरून. पारशी कंपन्या म्हणजे उघड उघड धंदा : झगझगीत पडदे, उर्दू गाणी, गल्ल्यावर नजर. अण्णासाहेबांनी त्या साच्यात कालिदास बसवला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. पूर्वी सगळ्यांच्या वतीने सूत्रधार गायचा, आता ज्याचं पद तोच गाऊ लागला. साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातल्या चाली, लावणीचा ठसका, कानडी वळणं, जे लोकांच्या कानात होतं ते सगळं त्यांनी घेतलं. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं, आणि त्याचे प्रयोग आजही होतात.

गल्ला भरू लागला तसा कंपन्यांचा हात सैल झाला, आणि हा पैसा कुठे गेला ते पाहण्यासारखं आहे. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली आणल्या. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. किराणा, ग्वाल्हेर असल्या गायकीच्या घराण्यांच्या नावांशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा पिटातला प्रेक्षक ‘नाथ हा माझा’ ऐकत होता, म्हणजे न कळत यमन राग ऐकत होता. खाली ऑर्गनचा भाता हलतोय, सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. ज्या साथीसाठी एरवी एखाद्या संस्थानिकाच्या बैठकीचं आमंत्रण लागलं असतं, ती इथे तिकिटाच्या पैशात मिळत होती.

‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, त्याचे लेखक राम गणेश गडकरी गेल्यावर महिनाभराने. त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची आणि चाली पुरवल्या बाई सुंदराबाईंनी. ज्या गाणारणीचं नाव घरात काढायला लोक संकोचत, तिच्या चाली नाटकाची नायिका सिंधू हिच्या तोंडून ऐकताना त्याच घरातल्या बायका पदर डोळ्याला लावत होत्या.

टीकाकारांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मात्र नाही. बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअर, त्यावर आणखी एक वन्समोअर, आणि समोरचं पात्र तोवर शालू सावरत उभं. कथा तिथेच गोठायची. खेळ रात्रभर चालायचा. नाटक पाहायला जायचं की गाणं ऐकायला, हा प्रश्न रास्त होता. पण बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली ती नफेखोरीने नव्हे. खरे गालिचे, खरे शालू, थिएटरात अत्तराचा शिडकावा, असा तो कारभार होता. चांगल्या हिशेबनिसाने पहिल्या वर्षीच बंद केला असता.

मग बोलपट आला. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ लागला आणि गाणं अधिक स्वस्तात मिळू लागलं. पाठोपाठ १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. त्यात पदं मोजकी, वास्तववादी मांडणी आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया होत्या. कंपन्या मोडत गेल्या. पुढे १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा, १९६० मध्ये रंगायन ही प्रायोगिक संस्था, मग दादरच्या छबिलदास शाळेतली प्रायोगिक चळवळ. हौशी आणि प्रायोगिक नाटकाला प्रतिष्ठा मिळाली, ती मिळायलाच हवी होती. मात्र त्याच ओघात समोरच्याला ‘धंदेवाईक’ म्हणायची पद्धत रुळली. ‘व्यावसायिक’ आणि ‘धंदेवाईक’ यांचा अर्थ जवळपास एकच आहे, पण दुसरा शब्द उच्चारताना नाक किंचित वर जातं.

गंमत अशी की संगीत नाटक पुन्हा उभं राहिलं ते याच काळात, आणि त्यात मोठा वाटा व्यावसायिक नाटकाचाच. १९६४ मध्ये गोवा हिंदू असोसिएशनने ‘मत्स्यगंधा’ आणलं. १९६७ मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदाने ‘कट्यार काळजात घुसली’. दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. वन्समोअरच्या जुन्या तक्रारीला त्यांनी चालींमधूनच उत्तर दिलं : पद आटोपशीर ठेवलं, आलापीला लगाम घातला, प्रसंग पुढे सरकू दिला. आणि ‘कट्यार’मध्ये खाँसाहेब म्हणून वसंतराव देशपांडे उभे राहिले. घराण्याची विद्या बाहेरच्याला द्यायची की नाही, हा बैठकीतला वाद हाउसफुल्लच्या बोर्डाआड लोक श्वास रोखून पाहत होते.

अलीकडचं उदाहरण प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’चं. आधी एकांकिका. नंतर भद्रकालीसारख्या व्यावसायिक संस्थेने ते २०१७ मध्ये दोन अंकी करून गावोगाव नेलं. दोनच पात्रं, तुकारामांची बायको आवली आणि रखुमाई. आवलीच्या पायात रुतलेला काटा आणि अभंगाच्या वळणाची गाणी. २०२० मध्ये त्याच्या संहितेला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. तोवर प्रयोगांचे बोर्ड लागत होते, तिकिटं विकली जात होती, आणि वड्याच्या रांगेत कुणीतरी म्हणत होतं, ‘व्यावसायिक वाटतच नाही, नाही?’