शोषखड्डा वेगळा, पुनर्भरण खड्डा वेगळा

विद्यापीठाच्या आवारात दोन्ही खड्डे वरून सारखेच दिसतात: आत दगड, शेजारी ‘पाणी जिरवा’ची पाटी. घोळ तिथूनच सुरू होतो. शोषखड्ड्यात सांडपाणी सोडायचं, पुनर्भरण खड्ड्यात फक्त पावसाचं. पहिल्यात पाणी मातीतून हळूहळू गाळलं जातं, दुसऱ्यात ते माती टाळून थेट बोअरमध्ये उतरतं.

शोषखड्ड्याचं नांदेड जिल्ह्यात गाजलेलं रूप म्हणजे मॅजिक पिट. ४ × ४ × ४ फुटांचा खड्डा, मधोमध सिमेंटची टाकी, टाकीला वरच्या अंगाला छिद्रं आणि भोवती दगडगोटे. गाळ टाकीत बसतो, वरचं पाणी छिद्रांतून बाहेर पडून जिरतं. टाकी उपसायची राहिली की गाळ दगडांत शिरतो, मग सगळा खड्डाच उकरावा लागतो. मेसचं तेलकट पाणी आधी तेल अडवणाऱ्या चेंबरमधून न्यावं, नाहीतर मातीवर थर बसून खड्डा तुंबतो. संडासचं पाणी यात नाहीच. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी घेईनाशी होते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावं. दगडांची जागा सोडता अशा खड्ड्यात जेमतेम ७०० लिटर मावतं. दोनशे मुलांच्या वसतिगृहाला एखाद-दुसरा खड्डा पुरेल ही समजूत भाबडी आहे.

पुनर्भरणाचं गणित गच्चीवरून निघतं: १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ५०० चौरस मीटर गच्चीवर ३० मिमी पडला की १५,००० लिटर. बोअरभोवती साधारण २ मीटर रुंद, तेवढाच खोल खड्डा घ्यावा. खड्ड्यात उघड्या पडलेल्या केसिंगच्या (बोअरच्या पाइपच्या) खालच्या अर्ध्या मीटरला ४-५ मिमीची छिद्रं पाडून काथ्या गुंडाळावा. तळाशी मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू. खड्ड्याआधी गाळ बसायला वेगळी टाकी हवीच.

मराठवाड्यात खाली बहुतेक ठिकाणी बेसॉल्ट, म्हणजे काळा कठीण खडक आहे. पाणी फटींतून वाहतं, फारसं गाळलं जात नाही, त्यामुळे बोअरमध्ये गेलेली घाण शेजारच्या बोअरलाही लागू शकते. हमखास होणारी चूक म्हणजे प्रयोगशाळेच्या बेसिनचा पाइप गच्चीच्या पाइपला जोडलेला असणं. बेसिनमध्ये रंगाचं पाणी ओतून गच्चीच्या पाइपचं खालचं तोंड बघावं, लगेच कळतं.

मृगाआधी गच्ची झाडावी, वरची वाळू खरवडून धुऊन परत टाकावी आणि पहिल्या पावसाचं पाणी वळवून बाहेर सोडावं. शोषखड्डा बोअरपासून किमान ५० फूट लांब ठेवावा.