घरी काडतूस भरण्यावर बंदी का? एक पार्श्वभूमी

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेली माणसे घरच्या टेबलावर प्रेस (काडतूस दाबून बसवण्याचे छोटे यंत्र) बसवून स्वतःची काडतुसे भरतात, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी दारू आणि गोळी बसवतात. भारतात निर्मितीच्या परवान्याशिवाय हेच केले, तर किमान सात वर्षांची कैद होऊ शकते. बंदुकीचा परवाना खिशात असला तरी सुटका नाही, कारण तो बंदूक बाळगण्याचा परवाना असतो, काडतूस बनवण्याचा नव्हे.

1857च्या उठावानंतर भारतीयांच्या निःशस्त्रीकरणाला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळातील 1878च्या शस्त्र कायद्याने पक्के रूप दिले. भारतीयांना परवाना सक्तीचा आणि युरोपियनांना सूट, हा त्यातला उघड अन्याय होता. त्या काळी शिकारी मंडळी 12 बोअरची (बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतल्या रुंदीचे माप) काडतुसे घरीच भरत. पुंगळीतली उडालेली केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) काढून नवी बसवायची, 3 ड्रॅम काळी दारू, त्यावर नमद्याची जाड चकती, मग 1⅛ औंस छरे आणि वर पुठ्ठ्याची पातळ चकती. काळ्या दारूत मापाची थोडी चूक खपून जाई. धूरविरहित दारू आली आणि अपघात सुरू झाले. तिचे काही प्रकार इतके दाट होते, की जुन्याच मापाने भरले तर दाब कितीतरी पट चढे आणि नळी चेंबरजवळ (काडतूस बसते त्या मागच्या भागाजवळ) फाटे. ती दारू वजनावरच घ्यावी लागते.

सरकारला मात्र अपघातापेक्षा बंडाची धास्ती जास्त होती. 1907च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .450 बोअरच्या आयातीवर बंदी आली. शिकारी काडतुसातली गोळी उपसून ती लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीच्या पुंगळीत भरता येईल, ही भीती. म्हणजे पुनर्भरणाच्या नुसत्या शक्यतेने एक बोअर बाद झाला. बंदुका बनवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनी मग .465, .470 आणि .475 हे बोअर काढले. हत्ती-गव्यांच्या शिकारीच्या या प्रसिद्ध रायफली त्या बंदीच्याच पोटी जन्मल्या.

.303 हा बोअर लष्करी म्हणून नागरिकांना वर्ज्य. त्याऐवजी ऑस्ट्रियन मॅनलिखर रायफलीचे 8 मिमी काडतूस '.315' या नावाने इथे रुजले. इशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 रायफल पाहा: बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) .303च्या लष्करी ली-एनफिल्ड रायफलीच्याच घडणीचा, चेंबर मात्र वेगळे. आजही परवानाधारकाला .315, .32 किंवा 12 बोअर मिळतो. 9 मिमी मिळत नाही.

1878च्या कायद्याच्या जागी आलेला 1959चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 रोजी लागू झाला. त्याच्या कलम 2 मधली दारूगोळ्याची व्याख्या फार रुंद आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा तिच्यात येते. त्यामुळे प्रायमर (म्हणजे केप), गोळी आणि प्रेस या वस्तू घरात एकत्र सापडणे हेच धोक्याचे. कलम 45 मध्ये एक पळवाट आहे: जोडीचे इतर भाग सोबत वापरायचे नसतील, तर किरकोळ सुटा भाग बाळगण्याला सूट मिळते. आठवण म्हणून ठेवलेली रिकामी पुंगळी या सवलतीत बसू शकते. जिवंत काडतूस कधीच नाही.

घरी भरता येत नाही, म्हणून सारी भिस्त विकतच्या मालावर. 12 बोअरची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात. खरेदीची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते.

याच कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि बेकायदा निर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. क्रीडा नेमबाजांना फेब्रुवारी 2020 मध्ये दिलासा मिळाला. नेमबाजीच्या एका प्रकारात नावाजलेल्या नेमबाजाला सूट-वर्गात (नेहमीच्या मर्यादेतून सूट असलेल्या वर्गात) 8, दोन प्रकारांत 10 आणि त्याहून अधिक प्रकारांत 12 बंदुका ठेवता येतात. सरावाच्या काडतुसांचा वार्षिक कोटाही बराच वाढला. हा कोटा .22च्या नेमबाजासाठी सर्वात मोलाचा. या काडतुसाचे स्फोटक कडेच्या घडीत भरलेले असते आणि बंदुकीची पिन ती कडच चेपते. कायद्याने उद्या परवानगी दिली, तरी ती पुंगळी पुन्हा भरणे व्यवहारात शक्य नाही.