गाळणी, अंगणातील मत्स्यकुंडाची

अंगणातील सिमेंटच्या हौदात किंवा प्लॅस्टिक कापड अंथरून केलेल्या कुंडात गोल्डफिश, कोई इ. शोभेचे मासे पाळताना तेच पाणी फिरवून वापरण्याजोगे ठेवणारी यंत्रणा. घन मळ अडवणारा यांत्रिक व विरघळलेल्या अमोनियाचे रूपांतर करणारा जैविक असे तिचे दोन भाग असतात. नितळ पाण्यातही अमोनिया घातक प्रमाणात असू शकतो. म्हणून निवडीचा विचार जैविक भागापासून करणे इष्ट.

माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचा अनायनित (विद्युत्‌भार नसलेला) अंश विषारी असतो. २५° से. तापमानाला पीएच ७ असताना तो एकूण अमोनियाच्या सु. ०.६%, तर पीएच ८ असताना सु. ५% असतो. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरून पीएच चढत असल्याने नवा हौद मासे सोडण्यापूर्वी अनेकदा भरून रिकामा करतात.

अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर ही जैविक क्रिया असल्याचे श्लोसिंग व म्यून्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखविले. १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी तिचे सूक्ष्मजंतू वेगळे केले. दुसरा टप्पा (नायट्राइटचे नायट्रेट) नायट्रोबॅक्टर हा सूक्ष्मजंतू पार पाडतो, हे मत हस्तपुस्तकांतून दीर्घकाळ चालत आले. तथापि १९९० नंतरच्या दशकात गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत प्रामुख्याने नायट्रोस्पायरा हा दुसराच सूक्ष्मजंतू आढळला, तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणाऱ्या नायट्रोस्पायराचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या टप्प्यात आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या गटातील सूक्ष्मजीवांचाही वाटा असतो. नायट्रोस्पायराविषयीचे मत अधिक ग्राह्य दिसते. त्यामुळे नायट्रोबॅक्टरयुक्त तयार मिश्रणापेक्षा निरोगी कुंडातील मुरलेल्या गाळणीचा स्पंज नव्या गाळणीत ठेवणे अधिक भरवशाचे ठरते.

या रूपांतरात एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सु. ४.६ ग्रॅ. ऑक्सिजन आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सु. ७ ग्रॅ. क्षारता (पाण्याची आम्ल शमविण्याची क्षमता) खर्च होते. पुण्यात खडकवासल्याचे नळाचे पाणी तुलनेने मृदू, तर काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. म्हणून केवळ नळाच्या पाण्यावरील कुंडात क्षारता अधूनमधून तपासावी लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन गाळणीतील सूक्ष्मजंतू मारते, म्हणून गाळणीतील माध्यम (ज्याच्या पृष्ठभागावर ते वाढतात तो पदार्थ) कुंडाच्याच पाण्यात खळबळतात.

घरी गाळणी बांधताना प्लॅस्टिकची पिंपे ओळीने जोडतात: पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यात ब्रश किंवा स्पंज, तिसऱ्यात जैविक माध्यम. २० मिमी. खडी स्वस्त, पण तिचे पृष्ठफळ घनमीटरला सु. २०० चौ. मी. हून कमी असते व ती गाळाने बुजते. प्लॅस्टिकच्या जाळीदार माध्यमांत ते ५०० चौ. मी. वा अधिक मिळते. कोईंसाठी सर्व पाणी दोन तासांत एकदा तरी फिरावे, म्हणजे ३ × २ × १ मी. च्या कुंडास ताशी ३,००० लि. प्रवाह हवा. पंपावर छापलेला आकडा बहुधा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर न चढवता मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो, हे खरेदीत विसरले जाते. वीज काही तास गेल्यास गाळणीतील ऑक्सिजन संपतो. तेव्हा तुंबलेले पाणी सोडून देऊन मगच पंप सुरू करतात.

अतिनील दिवा हिरव्या पाण्यातील तरंगते शैवल आटोक्यात आणतो. अमोनियावर त्याचा उपयोग नाही. कर्दळ किंवा जलपर्णी लावलेला उथळ वाफा नायट्रेट शोषतो. मात्र काढलेली जलपर्णी, मुळा-मुठेत ती आधीच माजलेली असल्याने, नदीत न टाकता वाळवून तिचे खत करावे.