टीव्ही युनिटमधला ‘एलईडी’ : पार्श्वभूमी

टीव्ही युनिटला प्रकाशपट्टी लावून घेताना गिऱ्हाईक, सुतार आणि वायरमन यांच्यात सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘एलईडी’ या शब्दाने.

खोक्याच्या टीव्हीच्या काळात दिवा असे तो शोकेसमध्ये. काचेआड बाहुल्या, चषक, कपबश्या आणि वर झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण तोही १५ वॅटच्या आसपास वीज खाई आणि तापे. टीव्हीच्या मागे दिवा लावायला जागाच नव्हती. पिक्चर ट्यूबनेच कपाट भिंतीपर्यंत भरलेले असे.

पडदा सपाट झाला आणि मागची भिंत मोकळी झाली. टीव्हीच्या पाठीलाच दिवे बसवून भिंत उजळण्याची कल्पना एका डच कंपनीने २००४च्या सुमारास बाजारात आणली, तीही आधी फ्लुरोसंट नळ्यांवर. एलसीडी पडद्याच्या आतही तशाच बारीक नळ्या होत्या, कारण हा पडदा स्वतः उजेड देत नाही, त्याला तो मागून पुरवावा लागतो. २००९च्या सुमारास नळ्यांच्या जागी एलईडी आले आणि तोच एलसीडी ‘एलईडी टीव्ही’ या नावाने विकला जाऊ लागला. ब्रिटनमध्ये तेव्हाच जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने या नावावर बोट ठेवले होते. ते योग्यच होते. अशा टीव्हीत चित्र एलईडीचे नसते, चित्रामागचा उजेड तेवढा एलईडीचा असतो.

आपल्याकडे मात्र ‘बेचाळीस इंची एलईडी घेतला’ हे पक्के रुळले. त्यामुळे ‘एलईडीच्या मागे एलईडी’ असे सांगायची पाळी येते. ‘बॅकलाइट’ म्हणावे, तर दुरुस्तीवाला पडद्याच्या आतला दिवा समजतो. भिंत उजळणाऱ्या दिव्याला ‘मागची स्ट्रिप’ आणि कप्प्यातल्याला ‘प्रोफाइल’ म्हटले, तर निदान काम चुकत नाही.

पांढरा एलईडी शक्य झाला तो १९९०च्या दशकातल्या निळ्या एलईडीमुळे. त्या शोधाला २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या सरकारी योजनेने एलईडी बल्ब घरोघरी पोचवले आणि घरचा उजेड ‘वॉर्म’ म्हणजे पिवळसर हवा की ‘कूल’ म्हणजे पांढराशुभ्र, हा प्रश्न दुकानाच्या काउंटरवर आला.

युनिटमध्ये या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड ‘कूल’. व्हिडिओतला पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास ठरवलेला असतो, म्हणून मागची स्ट्रिप त्याच पांढऱ्याची आणि मंद हवी. पिवळसर उजेडापुढे चित्र निळसर भासते. कप्प्यातल्या लाकडाला आणि पितळी वस्तूंना ३००० केल्विनचा ‘वॉर्म’ उजेड शोभतो. पाच मीटरचे रीळ एकच, म्हणून दोन्हीकडे तीच पट्टी फिरवली जाते, आणि एक जागा हमखास बिघडते.

रीळ बहुधा १२ व्होल्टचे असते. मीटरला ६० मोठे एलईडी असलेले पाच मीटर रीळ सुमारे ७२ वॅट घेते, म्हणून ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज १२ व्होल्टवर आणणारा डबा, थोडी जास्तीची ताकद राखून शंभर वॅटचा लागतो. तो प्लायच्या मागे कायमचा बंद केला, तर बदलताना सनमायका फोडावा लागतो.