डीव्हीआर आणि टॅली एकाच स्विचवर नकोत

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेच्या बाजूला एखाद्या मशीन शॉपच्या ऑफिसातला नेटवर्क स्विच बघा. आठ पोर्टांचा साधा डबा. एकात राउटर, एकात हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा संगणक, एकात कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, आणि एक केबल शेडमधल्या सीएनसीकडे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या मशीनकडे गेलेली. सगळं चालू असतं, म्हणून तिकडे कुणी बघत नाही. पण डीव्हीआरपासून टॅलीपर्यंतची वाट इथे सताड उघडी असते.

डीव्हीआर हाही एक छोटा संगणकच. मालकाला मोबाइलवर कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला जातो, म्हणजे इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट उघडली जाते, आणि पासवर्ड मूळचाच राहतो. 2016 मध्ये मिराई या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, नेमकं हेच हेरलं. साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघत त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. मे 2017 मधल्या वॉनाक्राय या मालवेअरने दुसरी गोष्ट दाखवली. दोन महिन्यांपूर्वी आलेला पॅच (दुरुस्तीचं अपडेट) न टाकलेला एक विंडोज संगणक सापडला, की ते 445 क्रमांकाच्या पोर्टवरून (हा स्विचवरचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला दरवाजा) शेजारच्या संगणकांत शिरत होतं.

उपाय म्हणजे सेटिंग बदलता येणारा मॅनेज्ड स्विच आणि त्यावर केलेले वेगळे गट, म्हणजेच व्हीलॅन. असा स्विच डेटाच्या प्रत्येक तुकड्याला चार बाइटचा टॅग लावू शकतो आणि त्यातल्या क्रमांकावरून कोण कुणाच्या गटातलं हे ठरवतो. ऑफिसला 10, कॅमेऱ्यांना 20, मशिनांना 30 द्या. संगणक, डीव्हीआर, मशीन जिथे लागतात ते पोर्ट अनटॅग्ड, राउटरकडचा पोर्ट टॅग्ड. इथे हमखास चूक होते ती पीव्हीआयडीची, म्हणजे टॅग नसलेला डेटा कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचा हे सांगणाऱ्या क्रमांकाची. तो बदलायचा राहिला तर संगणकाकडून येणारा डेटा व्हीलॅन 1 मध्येच पडतो, आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळत नाही आणि स्क्रीनवर 169.254 ने सुरू होणारा आयपी दिसतो. तो दिसला की केबल बदलत बसू नका, आधी पीव्हीआयडी तपासा.

एवढ्यावर थांबलात तर मात्र काम अर्धवट राहिलं. व्हीलॅन समजणारे बरेच राउटर तिन्ही गट आपणहून एकमेकांना जोडून देतात. म्हणून राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणी कुठे जायचं ते ठरवणाऱ्या नियमांत, 10 कडून 20 कडे परवानगी आणि 20 कडून 10 कडे मनाई लिहावी लागते. ऑफिसातून कॅमेरे दिसत राहतात, कारण फायरवॉल चालू संवादाचं उत्तर ओळखून परत येऊ देते. मोबाइलसाठी पोर्ट फॉरवर्ड काढून व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची बंदिस्त वाट, वापरा.

मग लॅपटॉप कॅमेऱ्याच्या पोर्टला लावून टॅलीचा संगणक पिंग करा, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघा. उत्तर आलं नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. विंडोजची स्वतःची फायरवॉलही पिंग अडवते, त्यामुळे तोच पिंग आधी ऑफिसच्या पोर्टवरून लागतोय ना, हे बघितलेलं असावं.

शेडकडे जाणारी तांब्याची केबलही बदलून फायबर, म्हणजे काचेतून प्रकाशाने डेटा नेणारी केबल, घालाच. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली, की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्याच तारेतून वाट काढतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जाळतो. फायबरमधून वीज वाहत नाही, शिवाय तांब्याची 100 मीटरची मर्यादाही उरत नाही. फक्त घेताना आत स्टीलचं आवरण किंवा तार नसलेलीच घ्या, नाहीतर तांबं काढून पोलाद घातल्यासारखं होईल.